चार कॉर्ड आठवड्यात येतात, गाणं नाही येत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पियानोवर पॉप बॅलड, म्हणजे संथ लयीचं भावनेनं भरलेलं गाणं, कसं शिकायचं यावर जो लेख आला होता तो मी दोनदा वाचला, आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकले. चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायच्या तीन-तीन सुरांचे चार गट, शिकून घ्या, आठवड्याभरात तुमचं आवडतं गाणं वाजवायला लागाल, अशा अर्थाचं काहीतरी त्यात होतं. लेख मनापासून लिहिलाय हे कळतं, वाचून कुणीतरी पियानोला हात लावेल हीच लेखकाची इच्छा असणार आणि ती माझीही आहे, पण हे आठवड्याभराचं वाक्य मला फार खटकलं आणि म्हणून हे पत्र.

मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पियानो सुरू केला. लहानपणी थोडंफार गाणं शिकले होते, सा रे ग म कळत होतं, बाकी काही नाही. चार कॉर्ड मला खरंच आठवड्यात आले, पाच दिवसांतच म्हणा ना. आणि पहिलं गाणं, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता, कुणीतरी सोबत गातंय आणि मी वाजवतेय असं, ते यायला नऊ महिने लागले. त्या नऊ महिन्यांत मी दोनदा सोडून दिलं होतं. दोन्ही वेळा अवघड आहे म्हणून नाही सोडलं, अवघड गोष्टींची मला सवय आहे, सोडलं कारण सगळीकडे हे सोपं आहे असंच ऐकलं होतं आणि सोपी गोष्ट आपल्याला तिसऱ्या आठवड्यातही जमत नाही म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे असं मला मनापासून वाटलं होतं. अशी किती माणसं असतील ज्यांनी कीबोर्ड कपाटावर ठेवून दिला असेल, माझ्या ओळखीत तीन आहेत.

लेखातलं चार कॉर्डचं म्हणणं खोटं नाही, आधी ते सांगते. सी, जी, ए मायनर आणि एफ. ‘लेट इट बी’ हे बीटल्सचं १९७० सालचं गाणं याच चार कॉर्डनी सुरू होतं. त्यानंतर ४१ वर्षांनी, २०११ मध्ये अॅडेलचं ‘समवन लाइक यू’ आलं, ते ए मेजरमध्ये आहे, नावं बदलतात पण नातं तेच, सप्तकातल्या पहिल्या, पाचव्या, सहाव्या आणि चौथ्या सुरावरचे कॉर्ड, थोडक्यात पहिला, पाचवा, सहावा, चौथा. त्या गाण्यात तर आवाज आणि पियानो एवढंच आहे, ड्रम नाही, गिटार नाही, सगळं गाणं पियानोच्या खांद्यावर आहे. म्हणजे एक क्रम कळला की पुष्कळ गाण्यांचा सांगाडा हातात येतो हे बरोबरच आहे. पण दोन्ही गाणी ऐकून बघा, सांगाडा एकच असून ती एकमेकांसारखी अजिबात वाटत नाहीत, आणि जे वेगळं वाटतं ना, तेच शिकायला महिने लागतात.

आता मला पहिलं काय कळायला हवं होतं आणि कुणी सांगितलंच नाही ते लिहिते. पुस्तकात कॉर्डची चित्रं असतात, सी म्हणजे या तीन पट्ट्या, जी म्हणजे त्या तीन, आणि प्रत्येक कॉर्ड आपल्या मूळ सुरापासून सुरू केलेला. मी तसंच वाजवायचे, हात सीवरून उचलायचा, जीवर नेऊन आपटायचा, तिथून परत उचलायचा, ए वर. सूर सगळे बरोबर आणि ऐकायला मात्र कुणीतरी जिन्यावरून उड्या मारत चाललंय असं. मग एके दिवशी सहज कॉर्डचे सूर सरगममध्ये कागदावर लिहिले आणि माझं मलाच दिसलं. सीला सा धरला तर पहिला कॉर्ड सा ग प. दुसऱ्यात प रे नी हेच सूर आहेत, पण ते प पासूनच सुरू करायला हवेत असं कुठं आहे, ते नी रे प असे धरले, नी खालचा, तर प जागचा हलतच नाही, ग एक पायरी खाली रे वर येतो आणि सा अर्धा सूर खाली नीवर. तिसरा सा ग ध, म्हणजे तिन्ही बोटं एकेक पायरी वर. चौथा सा म ध, इथं तर फक्त मधलं बोट हलतं, ग चा म होतो, बाकी दोघं तिथंच. सा ग प, नी रे प, सा ग ध, सा म ध. हे गुणगुणून बघा, पियानो नसला तरी चालेल, प्रत्येक सूर शेजारच्या घरात जातोय आणि परत येतोय एवढंच होतंय. मी त्या दिवशी हे चार कॉर्ड तासभर वाजवत बसले होते. बॅलडमध्ये जो एक सलगपणा असतो, की कॉर्ड बदलला हे कळतं पण धक्का बसत नाही, तो यातून येतो. कॉर्डचे तेच सूर असे दुसऱ्या सुरापासून धरण्याला कॉर्डचं इन्व्हर्जन म्हणतात, पुस्तकांत ते असतं, पण तिथं ते व्यायाम म्हणून असतं, गाणं यातूनच गाणं होतं हे कुणी म्हणत नाही.

आणि डाव्या हाताचं. डावा हात खालचा एकेक सूर धरतो, सा, मग प, मग ध, मग म. पण दुसऱ्या कॉर्डला प ऐवजी खालचा नी धरला तर खालची चाल सा, नी, ध अशी उतरत जाते, आणि ती उतरण ऐकली की गाण्याचे शब्द कळत नसले तरी आत काहीतरी हलतं. मी वर सांगितलेल्या अॅडेलच्या गाण्यात नेमकं हेच आहे. बरं, खाली डाव्या हातात पूर्ण तीन सुरांचा कॉर्ड दाटीवाटीनं धरला तर तो गढूळ ऐकू येतो, खालच्या सुरांचे उपस्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर निघणारे बारीक सूर, एकमेकांत मिसळतात आणि कानाला ते वेगळे काढता येत नाहीत, म्हणून खाली सूर लांब लांब ठेवायचे, सा, प, वरचा सा, आणि हात पोचत असेल किंवा पेडल धरलेला असेल तर त्याच्याही वरचा ग. मला हे कळेपर्यंत दोन महिने मी डिजिटल पियानोच्या स्पीकरला दोष देत होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, निदान माझ्यासाठी. पेटीवर सूर धरला की भाता चालू आहे तोपर्यंत तो तसाच राहतो, गळ्यातही श्वास आहे तोवर सूर राहतो. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून मरायला लागतो. तारेवर हातोडी पडली, आवाज आला, आणि तिथून पुढे तो फक्त कमीच होणार, वाढवता येत नाही, मींड घेता येत नाही, काही करता येत नाही. आणि बॅलड म्हणजे काय तर लांब लांब सूर, गाणारी व्यक्ती एका शब्दावर चार चार मात्रा थांबते. मग खाली पियानो काय करणार, तोच कॉर्ड दर मात्रेला परत वाजवणार, किंवा त्याचे सूर सुटे करून एकामागून एक सोडत राहणार, म्हणजे आवाज जिवंत राहील. बॅलडच्या साथीत जे सारखं टप टप टप किंवा झुळझुळ चालू असतं ते सजावट म्हणून नसतं, वाद्याचा सूर टिकत नाही म्हणून ते करावं लागतं. हे एकदा कळलं की मग मात्रा भरायच्या म्हणून भरत नाही आपण, मागचा सूर किती उरलाय ते ऐकतो आणि त्याच्यात पुढचा मिसळतो. ही सवय लागायला फार वेळ जातो, आणि जायलाच हवा.

आता आवाजाच्या लहान-मोठेपणाचं, पियानो हे नावसुद्धा त्याच्यावरूनच आलंय ना. साधारण १७०० च्या सुमाराला इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं हे वाद्य बनवलं, त्याच्या आधी जे हार्पसिकॉर्ड होतं त्यात तार खुडली जायची आणि बोटानं हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच. यानं खुडण्याऐवजी हातोडी बसवली, त्यामुळे बोटाच्या वेगाप्रमाणे आवाज लहान-मोठा व्हायला लागला, म्हणून त्याला हळू आणि मोठ्यानं वाजणारं, पियानो ए फोर्ते, असं म्हणायचे. त्यानं केलेले तीन पियानो अजून आहेत, सगळ्यात जुना १७२० सालचा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. मला हे वाचून बरं वाटलं होतं, कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात पियानो म्हणजे ८८ पट्ट्या, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या, आणि योग्य वेळी योग्य पट्टी दाबायची असंच होतं. ते योग्य पट्टीचं काम हार्पसिकॉर्डवरही होत होतं की. हे वाद्य केलंच मुळी लहान-मोठ्या आवाजासाठी.

आणि तेच बॅलडमध्ये सगळ्यात जास्त लागतं. एकटी वाजवत असेन, गाणारं कुणी नसेल, तेव्हा गाण्याची चालही उजव्या हातातच येते, त्याच हातात खाली कॉर्डचे दोन सूर आणि वर चाल. चालीचे सूर करंगळीला नाहीतर तिच्या शेजारच्या बोटाला येतात, म्हणजे हातातली सगळ्यात दुबळी दोन बोटं, आणि त्यांनाच सगळ्यात स्पष्ट बोलायचंय. अंगठा आपोआप जोरात पडतो. मी सहा आठवडे रोज एकच करत होते, तीन सूर एकत्र दाबायचे पण वरचा वाजला पाहिजे आणि खालचे दोन जेमतेम ऐकू आले पाहिजेत, पट्टी हलली पण आवाज आला की नाही असं वाटावं इतपत. हाताचं वजन किंचित करंगळीकडे झुकवायचं, बोट ताणून दाबायचं नाही, हे मला फार उशिरा समजलं. शिवाय पट्टी दाबल्यावर हातोडी तारेला लागायच्या आधीच सुटलेली असते, म्हणजे आवाज सुरू झाल्यावर वरून कितीही दाबा, रेटा, चेहरा करा, त्या सुराला काही फरक पडत नाही, जे काय करायचं ते पट्टी खाली जातानाच. हे कळल्यावर माझे खांदे पहिल्यांदा सैल झाले.

पेडलबद्दल लेखात एकच ओळ होती, उजवा पेडल दाबला की आवाज लांबतो म्हणून. हो, लांबतो. आत तारांवर फेल्टचे डँपर टेकलेले असतात, पट्टी सोडली की ते तारेवर बसून आवाज बंद करतात, पेडल दाबला की सगळे एकदम उचलले जातात आणि तारा मोकळ्या होतात, आपण न वाजवलेल्या तारासुद्धा आतून घुमायला लागतात, तो जो मोठ्या खोलीसारखा आवाज येतो तो त्यामुळे. पण नवशिक्याला वाटतं कॉर्ड आणि पेडल एकदम दाबायचे, ठेक्याला पाय आपटतो तसं, मीही तसंच करायचे. त्यानं मागचा कॉर्ड तरी पुढच्यात घुसतो नाहीतर मध्ये खड्डा पडतो. खरं ते उलटं आहे. नवा कॉर्ड वाजतो त्या क्षणी पाय वर येतो आणि कॉर्ड वाजून गेल्यावर परत खाली जातो. हात खाली तेव्हा पाय वर. पायानं हाताच्या मागून चालायचं. हे वाचायला दहा सेकंद लागली असतील, मला शिकायला साडेतीन महिने लागले, आणि मी ते कसं शिकले तर कॉर्डबिर्ड सगळं सोडून एका बोटानं सा रे ग म वाजवत, एकेक सुरावर चार मात्रा थांबत, फक्त पाय. आवाज सलग राहिला पाहिजे आणि दोन सूर एकमेकांवर चढता कामा नयेत. कानानं ठरवायचं, घड्याळानं नाही. मला विचाराल तर पॉप बॅलड शिकणं म्हणजे निम्मं पेडल शिकणं आहे, आणि बहुतेक व्हिडिओंमध्ये पाय दाखवत नाहीत.

लयीचंही तसंच. मिनिटाला ६०-७० ठोक्यांचं गाणं, म्हणजे जवळपास सेकंदाला एक मात्रा, लोक म्हणतात हळू आहे म्हणजे सोपं. जलद गाण्यात पुढची मात्रा लगेच येते, चूक झाकली जाते. इथं दोन मात्रांच्या मध्ये एवढी मोकळी जागा असते की हात धीर सोडतो आणि लवकर पडतो, मी स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा पहिल्या कडव्यापेक्षा शेवटचं कितीतरी पळत होतं आणि वाजवताना मला त्याचा पत्ताच नव्हता. मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या लयीत ठोके देणारं यंत्र, लावला तरी सुरुवातीला भांडण झाल्यासारखंच वाटायचं. उपयोग झाला तो असा की मनात मात्रेचे दोन भाग मोजायला लागले, ‘एक आणि दोन आणि’, तो ‘आणि’ कधी सोडायचा नाही, मग मोकळी जागा मोकळी राहिली नाही. पुढे मेट्रोनोम फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवला, पहिली आणि तिसरी आपली आपण सांभाळायची. त्यानं खरा फरक पडला.

आता लेखात ज्यांची शिफारस केलीय त्या रंगीत पट्ट्या वरून खाली पडणाऱ्या व्हिडिओंबद्दल. कुणाला नावं ठेवायची नाहीत, मीही तिथूनच सुरू केलं आणि आवडत्या गाण्याची पहिली आठ आवर्तनं त्यातूनच बसवली, दोन महिने लागले, तंतोतंत बसली. माझी धाकटी बहीण छान गाते, तिला बोलावलं, म्हटलं गा. तिनं एक ओळ गायली आणि म्हणाली ताई हे मला उंच पडतंय, जरा खाली घे ना. एक सूर खाली, बस, सा पांढरी एकवरून (सी) काळी पाचवर (बी फ्लॅट). आणि मला एकही कॉर्ड सापडेना. दोन महिने मी डोळ्यांनी जागा पाठ केल्या होत्या, त्या जागा हलल्या आणि सगळं संपलं. ती काही बोलली नाही, म्हणाली राहू दे, आहे तसंच वाजव मी ताणून गाते. ती ताणून गात होती आणि मला तिचा गळा ऐकू येत होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा सोडलं होतं. डिजिटल पियानोवर स्केल बदलायचं बटण असतं हे मला नंतर कळलं, आणि ते कळल्यावरही मी ते वापरायचं नाही असं ठरवलं, पण ज्यांना वापरायचं त्यांनी खुशाल वापरावं, गाणाऱ्याचा गळा वाचतो हे जास्त महत्त्वाचं.

परत आले ती आकडे घेऊन. पहिला, पाचवा, सहावा, चौथा. नाहीतर मघाचीच सरगम, सा ग प, नी रे प, सा ग ध, सा म ध. सा कुठंही ठेवा, काळी पाचला ठेवला तर कॉर्डची नावं बी फ्लॅट, एफ, जी मायनर, ई फ्लॅट होतात, पण बोटांचा आपसातला प्रवास तोच राहतो. पाच आठवड्यांनी बहिणीला परत बोलावलं. या वेळी ती गाताना तिला कुठे श्वास लागतोय हे मला ऐकू आलं, कारण डोळे स्क्रीनवर नव्हते. साथ करणं म्हणजे काय हे त्या दिवशी थोडं कळलं, ती गात असते तेव्हा मी कमी वाजवायचं, ती थांबली की भरायचं, तिची चाल तिच्यावर परत वाजवायची नाही. हे कुठल्याही पडणाऱ्या पट्टीत दिसत नाही हो.

दुसऱ्या बाजूनंही मला बोलायचंय, नाहीतर अन्याय होईल. मधे मी एका क्लासला जात होते, तिथल्या सरांचं म्हणणं असं की पॉप वगैरे नंतर, आधी दोन वर्षं स्केल आणि छोट्या अभ्यासाच्या रचना, या गाण्यांत शिकण्यासारखं काही नसतं. शिकवायचे चांगलं, बोटं कुठली कुठे टाकायची हे त्यांच्यामुळेच आलं आणि ते अजून पुरतंय. पण शिकण्यासारखं काही नसतं हे मला मुळीच पटलं नाही तेव्हाही आणि आता तर अजिबात नाही. वर एवढं सगळं लिहिलं, आवाजाचा तोल, पेडल, लय, कॉर्डचा प्रवास, साथ, हे सगळं मी चार कॉर्डच्या एका गाण्यातून शिकलेय. मोठं माणूस दिवसभराचं काम आटपून रात्री वीस-पंचवीस मिनिटं हेडफोन लावून बसतं ते एखाद्या गाण्याच्या ओढीनं बसतं, ती ओढ दोन वर्षं बाजूला ठेव म्हटलं तर ते बसेलच कशाला. गंमत बघा, सर म्हणायचे हे गाणं क्षुल्लक आहे आणि लेख म्हणतो हे गाणं सोपं आहे, दोघांचं बोलणं वेगळं पण दोघांनीही त्या गाण्याला खाली बसवलंय.

वाद्याबद्दल थोडंच, कारण लेखात कुठलाही कीबोर्ड चालेल असं होतं. सगळ्या गाण्यांना चालत असेल, बॅलडला नाही चालत. ज्या कीबोर्डला बोटाचा जोर कळत नाही, हळू दाबा की जोरात आवाज एकसारखा, त्यावर हे शिकताच येत नाही, तिथं आपण परत हार्पसिकॉर्डच्या काळात जातो. पट्ट्या ६१ असल्या तरी एक गाणं निभतं, पण जोर कळणारा असावा, पेडल जोडता यावा, आणि जमलं तर वजनदार पट्ट्यांचा. आधी हे बघा, रंग आणि तीनशे आवाज नंतर.

आणि अजून एक, सरावाबद्दल. गाणं पहिल्यापासून सुरू करून अडलं की परत पहिल्यापासून, असं मी महिनोन्महिने केलं, परिणाम असा की पहिली चार आवर्तनं अप्रतिम आणि शेवट कच्चा. आता शेवटाकडून बसवते, शेवटची चार आवर्तनं आधी, मग त्याच्या मागची चार जोडायची, म्हणजे वाजवताना आपण कायम ओळखीच्या भागाकडे चाललेलो असतो, मनावरचा ताण खूप कमी होतो. आणि ध्रुवपद आणि कडवं याचा सांधा, ती दोनच आवर्तनं, ती वेगळी काढून. लोक नेमके तिथेच अडतात, कडवं येतं, ध्रुवपदही येतं, एकातून दुसऱ्यात जाता येत नाही.

तर माझी विनंती एवढीच आहे की पुरवणीत या विषयाला एका लेखावर सोडू नका. गायकांना साथ करणारे पियानोवादक असतात त्यांना बोलतं करा, पेडल कसा वापरता, गाणारा अडला तर काय करता, हे त्यांना विचारा. आणि पुढच्या वेळी आठवड्याचा आकडा छापणार असाल तर त्याच्या शेजारी महिन्यांचाही छापा. ज्यांनी तिसऱ्या आठवड्यात सोडलं त्यांना ते वाचून कळेल की ते अगदी बरोबर जागी होते, तिसरा आठवडा असाच असतो, तेव्हा हात जिन्यावरून उड्याच मारत असतो. माझ्या ओळखीतल्या त्या तिघांपैकी एकीला मी सा ग प, नी रे प फोनवर गाऊन दाखवलं, तिनं त्याच रात्री कीबोर्ड खाली काढला.

माझं म्हणाल तर सध्या त्याच गाण्याचा शेवट चाललाय. बहिणीला शेवटचं ध्रुवपद एक सूर वर चढवून हवंय, काळी पाचवरून पांढरी एकला, म्हणजे जिथून तिनं मला खाली आणलं होतं तिथंच परत, पण आता तिची तयारी आहे. वाट सापडलीय. जी मायनरवर थांबायचं, त्यातला जो बी फ्लॅट आहे, म्हणजे आमचा जुना सा, तो एकटा अर्धा सूर वर सरकवायचा, बाकीची दोन बोटं जागीच, जी मायनरचा जी मेजर होतो. तिथं एक मात्रा ती श्वास घेते. मग ते बोट आणखी अर्धा सूर वर, मधलं एक सूर वर, आणि सी लागतो. दहापैकी सहा वेळा जमतंय, पाय अजून जरा लवकर खाली जातो.

आपली,
एक नियमित वाचक